१६ गिअर २१ पेक्षा भारी का? स्वस्त रोड बाईकचा इतिहास

(एपिसोडचा लिखित पाठ. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ शक्य तितके काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज सायकल.

‘पहिली रोड बाईक घ्यायची आहे, बजेट कमी आहे, कुठली घेऊ?’ असा मेसेज आठवड्याला एक तरी येतो. मी मॉडेलचं नाव सांगणं टाळतो, कारण तुम्ही हा एपिसोड दोन वर्षांनी ऐकाल तेव्हा ते मॉडेल गेलेलं असेल आणि किंमत तर नक्कीच बदललेली असेल. पण स्वस्त रोड बाईकवर आज जे सुटे भाग दिसतात, त्यातल्या प्रत्येकामागे एक भांडण आहे. कुणी पेटंटसाठी भांडलं, कुणी इज्जतीसाठी. ती भांडणं कळली की दुकानात उभं राहून कशाचे पैसे द्यायचे आणि कशाचे नाही, हे आपोआप समजतं. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी एक खुलासा. रोड बाईक म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, डांबरी रस्त्यासाठी बनवलेली सायकल. घरी ‘बाईक घेतोय’ एवढंच सांगू नका, आई पेट्रोलचं विचारेल.

तर माझा मावसभाऊ. कराडचा, आता पुण्यात पहिल्या नोकरीला लागलाय. सहा महिने पैसे साठवले. ध्येय ठरलेलं: रविवारी घाट, आणि वर्षाच्या आत २०० किलोमीटरची बीआरएम, जी साडेतेरा तासांत संपवावी लागते. त्याने मला दोन सायकलींचे फोटो पाठवले. पहिली चकचकीत, जाडजूड फ्रेम, त्यावर मोठं नाव, २१ गिअर. दुसरी साधी राखाडी, १६ गिअर, आणि तरी पहिलीपेक्षा महाग. खाली मेसेज: ‘दादा, पाच गिअर कमी आणि पैसे जास्त, हे काय लॉजिक?’ त्यात मावशी मागे लागलेली, की एवढ्यात अजून थोडे घातले तर जुनी स्कूटर येईल. म्हणजे चुकीची सायकल आली, तर पैसे जाणार ते जाणारच, वर घरात आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार.

प्रश्न योग्य होता. त्याचं उत्तर फ्रान्समधून सुरू होतं.

१९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू झाली, ‘लोतो’ नावाच्या वर्तमानपत्राचा खप वाढवायला. संपादक आंरी देग्रांज. हा माणूस स्वतः सायकलपटू होता, १८९३ मध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर जाऊन त्याने विक्रम केला होता. त्याच्या डोक्यात शर्यतीचं एक पक्कं चित्र होतं: माणूस विरुद्ध रस्ता, मध्ये यंत्राने लुडबूड करायची नाही. त्यामुळे गिअर बंद. १९१० मध्ये शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतात गेली. तूरमाले नावाची खिंड, उंची २११५ मीटर. आपलं महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर आहे, त्यावरून अंदाज करा. रस्ते कच्चे, सायकली जड, गिअर नाहीत. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव लापिझ हासुद्धा त्या चढांवर जागोजागी सायकल हातात धरून चालला.

मग ते करायचे काय? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चकती असायची, एक लहान, एक मोठी. चढ आला की खाली उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं, नट आवळायचे आणि परत चढायला लागायचं. थंडीत, बर्फात, गारठलेल्या बोटांनी. इटलीतल्या विचेंझाच्या तुल्यो कँपाग्नोलोची गोष्ट अशी सांगतात, की एका बर्फाळ खिंडीत त्याला हेच नट सुटेनात आणि म्हणून त्याने चाक एका खटक्यात निघेल असा लिव्हर शोधला. गोष्ट जरा जास्तच गोंडस आहे, पण लिव्हर खरा आहे. आज स्वस्तातल्या स्वस्त रोड बाईकच्या चाकालाही तो असतो.

गंमत म्हणजे गिअर तेव्हा अस्तित्वात होते. सेंत एतिएन गावात पॉल द व्हिव्ही नावाचा माणूस ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलचं मासिक चालवायचा आणि गिअरचा प्रचार करायचा. तो शर्यतवाला नव्हता, भटक्या होता. दिवसभर डोंगर हिंडायचं असेल तर गिअर हवेतच, एवढं साधं त्याचं म्हणणं. १९०२ मध्ये टूरिंग क्लब द फ्रान्सने डोंगरी रस्त्यावर चाचणी घेतली. त्यात मार्त हेस नावाच्या बाईने तीन गिअरच्या सायकलवर, पाय जमिनीला न लावता चढ पार केले. यावर देग्रांजचं मत काय, तर गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी आहेत, खऱ्या मर्दाने स्नायूंच्या जोरावर जावं.

आजही आपल्या ग्रुप राइडमध्ये एक तरी देग्रांज असतो. ‘छोटी चकती लावतोस? चढव की मोठ्यावर!’ गुडघा मात्र तुमचा जातो.

टूरमध्ये सर्व खेळाडूंना गिअरला परवानगी मिळाली १९३७ मध्ये, देग्रांज बाजूला झाल्यानंतर. त्या वर्षी रॉजे लापेबी गिअरच्या सायकलवर जिंकला. म्हणजे जी गोष्ट सामान्य भटक्या सायकलस्वाराला १९०२ पासून माहीत होती, ती शर्यतीत यायला ३५ वर्षं गेली. यातून एक सवय लावून घ्या. ‘प्रो लोक हे वापरतात’ हे वाक्य ऐकलं की थोडं थांबायचं. प्रो लोकांच्या सायकली बऱ्याचदा नियमांनी ठरतात, तुमच्या गरजेनं नाही.

आता थोडं गणित करू, कारण इंजिनिअर आहे, राहवत नाही. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे दात, म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक किती वेळा फिरतं. जुन्या रेसिंग सायकलींवर पुढे लहानात लहान ४२ दात आणि मागे मोठ्यात मोठी २४ अशी जोडी सर्रास असायची. ४२ भागिले २४, म्हणजे १.७५. आजच्या साध्या रोड बाईकवर पुढे ३४ आणि मागे ३२ मिळते. म्हणजे १.०६.

समजा सायकल धरून तुमचं वजन ८५ किलो, चढ सात टक्के, आणि पाय मिनिटाला ६० फेऱ्या मारतायत. १.७५ वर वेग येतो ताशी साधारण १३ किलोमीटर आणि लागतात जवळपास २३० वॉट. १.०६ वर वेग ताशी ८ आणि लागतात १४० वॉट. २३० वॉट तासभर टिकवणं नवख्याला जमत नाही. १४० बऱ्याच तरुणांना थोड्या सरावाने जमतात. वेग कमी आहे, मान्य. पण एक जण घाट चढून वर पोचतो आणि दुसरा व्हेलोसिओच्या काळातल्यासारखा सायकल ढकलत येतो.

ही पुढची ५०-३४ ची जोडी, जिला कॉम्पॅक्ट म्हणतात, तिला मोठी प्रसिद्धी मिळाली २००३ च्या टूरमध्ये. टायलर हॅमिल्टनचं गळपट्टीचं हाड पहिल्याच टप्प्यात मोडलं. हँडल खेचून जोर लावता येईना, म्हणून त्याने हलके गिअर लावले आणि तशाच अवस्थेत एक टप्पा जिंकला. (पुढे तो डोपिंगमध्ये सापडला, ते वेगळं. चकती निर्दोष होती.)

आता मावसभावाचे २१. पुढे तीन चकत्या, मागे सात. पुढच्या ४८, ३८, २८. मागच्या १४ पासून २८ पर्यंत. मी सगळे २१ आकडे शीटमध्ये टाकले. ४८ भागिले २४ म्हणजे २. २८ भागिले १४ म्हणजेही २. अशा जोड्या काढत गेलो तर एकमेकांच्या अगदी जवळचे गिअर वगळून खरे वेगळे उरतात १२-१३. सगळ्यात हलका १.०, सगळ्यात जड ३.४३. दुसऱ्या सायकलचे १६ गिअर १.०६ पासून ४.५५ पर्यंत जातात. म्हणजे चढाला दोन्ही जवळजवळ सारख्या, पण सपाटीला १६ वाली पुढे. प्रामाणिकपणे सांगतो, नुसता चढ हाच निकष असता तर २१ वाली हरली नसती. ती हरली दुसऱ्या ठिकाणी. त्यासाठी जपानला जावं लागेल.

ओसाका शहराला लागून साकाई आहे. लोहारांचं गाव, सुऱ्या आणि बंदुकांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध. तिथे १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानोने छोटी कार्यशाळा काढली. पहिलं उत्पादन फ्रीव्हील, म्हणजे मागचं ते चक्र ज्यामुळे पायडल थांबवलं तरी सायकल पळत राहते आणि टिकटिक आवाज येतो.

पण खरी हुशार कल्पना शिमानोची नव्हती. ती होती माएदा इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीची, ब्रँड सनटूर. १९६४ मध्ये त्यांनी चेन सरकवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे डिरेलरला, थोडं तिरकं केलं. इतकंच. मागच्या चकत्या लहानापासून मोठीपर्यंत उतरंडीसारख्या असतात ना? तिरक्या डिरेलरचा मार्गही त्याच उतरंडीला समांतर झाला. त्यामुळे प्रत्येक चकतीपासून त्याचं अंतर सारखं राहिलं आणि गिअर झटकन पडायला लागले. पेटंट सनटूरकडे. बाकीच्यांनी वीस वर्षं हात चोळले.

त्या काळी गिअरला खटके नव्हते. लिव्हर हळूहळू ओढायचा आणि कान देऊन ऐकायचं, चेन नीट बसली का. जुन्या रेडिओवर स्टेशन लावतात तसं. शिमानोने सत्तरच्या दशकात ‘पॉझिट्रॉन’ नावाने खटक्यांचा गिअर आणला होता, पण तो साध्या, स्वस्त सायकलींसाठी. जाणकारांनी नाकं मुरडली आणि ‘खटके म्हणजे नवशिक्यांचं खेळणं’ अशी त्याची ओळख झाली.

१९८४ मध्ये सनटूरचं पेटंट संपलं. त्याच वर्षी शिमानोने आपल्या सगळ्यात महागड्या, शर्यतीच्या ड्युरा-एस संचात खटक्यांचा गिअर आणला. तिरका डिरेलर त्यात होताच. शिवाय चेन, मागच्या चकत्या, केबल, केबलचं बाहेरचं कव्हर, सगळं एकमेकांसाठी मोजून बनवलेलं. एक खटका म्हणजे केबल ठरलेली इतकी सरकणार आणि चेन ठरलेल्या चकतीवरच जाणार. या वेळी वरून सुरुवात केली, त्यामुळे खेळणं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. सनटूरने पुढे आपले खटके आणले, पण उशिरा, आणि जुने-नवे भाग चालवून घेण्याच्या नादात ते कधी धड पडायचे, कधी नाही. नव्वदच्या दशकात मूळ सनटूर संपली. नाव अजून दिसतं, बजेट माउंटन बाईकच्या पुढच्या सस्पेन्शन फोर्कवर. तिरका डिरेलर शोधणाऱ्यांचं नाव आता बहुतेकांना फोर्कमुळे माहीत आहे, हे मला दरवेळी खटकतं.

पुढची पायरी १९९०. तोवर गिअरचे लिव्हर असायचे फ्रेमच्या तिरक्या खालच्या नळीवर, गुडघ्यांजवळ. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढा, खाली वाका, लिव्हर ओढा. शिमानोने गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्येच बसवला. ब्रेक दाबायचा तर लिव्हर आत ओढा, गिअर टाकायचा तर बाजूला ढकला. हात हँडलवरच.

आणि इथे मावसभावाची चकचकीत सायकल हरते. तिचं हँडल रोड बाईकचं आहे, पण गिअरचे खटके हँडलच्या मधोमध, वरच्या आडव्या भागावर. ब्रेक खाली, वळलेल्या भागावर. म्हणजे गिअर टाकताना तो हात ब्रेकपासून लांब. आता कात्रज किंवा बोपदेवचा उतार डोळ्यासमोर आणा. वळण, समोर खड्डा, मागून टेम्पोचा हॉर्न, वळणानंतर पुन्हा छोटा चढ म्हणून गिअर हलका करायचाय. त्या अर्ध्या सेकंदाला हात कुठे असावा? माझं स्पष्ट मत आहे, घाटात जाणाऱ्याने बजेट ताणायचं तर ते इथे ताणावं. ब्रेकच्या लिव्हरमधला गिअर ही चैन नाही. ज्याला फक्त सपाट रस्त्याने ऑफिसला जायचंय त्याने मधले खटके घेतले तरी काही बिघडत नाही, उलट ते स्वस्त असतात आणि सहसा बिघडत नाहीत.

१९९० ची ती चैन हळूहळू खाली झिरपली. शिमानोची उतरंड वरून खाली अशी: ड्युरा-एस, अल्टेग्रा, १०५, टिआग्रा, सोरा, क्लॅरिस. क्लॅरिस म्हणजे मागे आठ, सोरा नऊ, टिआग्रा दहा. २०१७ च्या क्लॅरिसमध्ये तर गिअरच्या केबलही हँडलच्या टेपखालून गेल्या, दिसायला वरच्या संचांसारख्याच. सध्या शिमानो या खालच्या तीन पायऱ्यांच्या जागी ‘क्यूझ’ नावाचा संच आणतेय. दुकानात जुना क्लॅरिस किंवा सोरा सवलतीत दिसला तर ‘आउटडेटेड’ म्हणून नाक मुरडू नका. आठ गिअरची चेन जाड असते, स्वस्त मिळते आणि टिकते. तैवानच्या मायक्रोशिफ्टचे ब्रेकमधले गिअरही चालतात. क्लॅरिस की सोरा यावर रात्र जागवणाऱ्यांना सांगतो, एका गिअरच्या फरकासाठी झोप घालवू नका. ब्रेकमधला गिअर आहे की नाही, हा फरक मोठा. आठ की नऊ, हा लहान.

आता अमेरिका. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘दिसायला रेसिंग’ सायकलींचा पहिला मोठा बाजार तिथे उभा राहिला.

१९६० मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने ‘वर्सिटी’ आणली. वाकडं हँडल, अनेक गिअर, शर्यतीच्या सायकलसारखं रूप. वजन १७-१८ किलो! आज साधी रोड बाईक १०-११ किलोची असते. पण वर्सिटी मजबूत होती आणि पोरांना रेसर बसल्यासारखं वाटायचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सायकलींची लाट आली. १९७३ मध्ये तिथे सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. त्या लाटेत कुणीही वाकडं हँडल लावून काहीही विकलं. बऱ्याच सायकलींना एक जास्तीचा ब्रेक लिव्हर असायचा, हँडलच्या वरच्या भागातून ब्रेक दाबता यावा म्हणून. सोयीचा वाटायचा. पण तो वाकायचा, आणि बऱ्याचदा ब्रेक पुरता लागायच्या आधीच हँडलला टेकायचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘सुसाइड लिव्हर’. मग लाट ओसरली आणि त्यातल्या कितीतरी सायकली गॅरेजमध्ये धूळ खात पडल्या. आपल्याकडेही कुणाच्या तरी काकांची वाकड्या हँडलची जड ‘रेसर’ माळ्यावर असतेच.

१९८० मध्ये श्विनच्या शिकागोच्या कारखान्यात संप झाला. सायकली हव्यात, कामगार बाहेर. श्विनने तैवानच्या एका कंपनीला काम दिलं. १९७२ मध्ये किंग लिऊ यांनी स्थापन केलेली ती कंपनी म्हणजे जायंट. श्विनचं काम करता करता तैवानवाले पक्के तयार झाले. काही वर्षांत श्विनने आपलं काम चीनमधल्या दुसऱ्या कंपनीकडे वळवलं, तोवर जायंट स्वतःच्या नावाने सायकली विकायला लागली होती. १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली. आयटीत असलेल्यांना हे आउटसोर्सिंगचं नाटक ओळखीचं वाटेल, फक्त इथे कथा कंत्राटदाराच्या बाजूने संपते. आज जगातल्या कितीतरी ब्रँडच्या फ्रेम तैवान आणि चीनच्या मोजक्या कारखान्यांत बनतात. म्हणून फ्रेमवरच्या मोठ्या नावाचे जास्त पैसे देताना जरा विचार करा.

जायंटची दुसरी गोष्ट थेट तुमच्या पाठीच्या कण्याशी जोडलेली आहे. पूर्वी सायकलची वरची नळी जमिनीला समांतर असायची आणि फ्रेम दहा-बारा मापांत यायची, शिंप्याने कपडे बेतावेत तशी. १९९७ च्या सुमारास माइक बरोज या इंग्लिश डिझायनरने जायंटसाठी टीसीआर केली. वरची नळी मागे उतरती, मागचा त्रिकोण छोटा, सीटचा दांडा लांब. सीट वर-खाली करायला भरपूर जागा मिळाल्यामुळे दहा-बाराऐवजी एस, एम, एल अशी मोजकी मापं पुरली. शर्टासारखी. कारखान्याला साचे कमी, दुकानदाराला साठा कमी, सायकल स्वस्त. आज आपल्याला अॅल्युमिनियमची रोड बाईक परवडते त्याचं हे एक मोठं कारण.

पण शर्टात आणि सायकलीत फरक आहे. शर्ट ढगळ चालतो. सायकल लांब पडली तर मान आखडते, मनगटं बधिर होतात, आणि तिसऱ्या रविवारी माणूस म्हणतो, ‘आज पाऊस येईल बहुतेक.’ सीट वर-खाली होते, हँडलपर्यंतचं अंतर फारसं बदलत नाही. म्हणून एस-एम-एलच्या अक्षरावर जाऊ नका. कंपनीच्या तक्त्यात दोन आकडे असतात. ‘रीच’ म्हणजे पायडलच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, आणि ‘स्टॅक’ म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं उभं अंतर. नवख्याला स्टॅक जरा जास्त आणि रीच जरा कमी असलेली फ्रेम सुखाची. ‘एन्ड्युरन्स’ नावाने विकतात त्या साधारण अशाच. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर बहुतेक वेळा लहान घ्या. लहान सायकल थोडी लांब करता येते, लांब सायकल लहान करणं अवघड.

आणि दुकानदार ‘साइज बसेल हो, फक्त सीट खाली करू’ म्हणाला, तर चहा घ्या आणि निघा.

बाकीचं भरभर. ब्रेक: व्यावसायिक रोड शर्यतीत डिस्क ब्रेकला पूर्ण मान्यता २०१८ मध्ये मिळाली आणि त्यानंतर ते सगळीकडे आले. स्वस्त सायकलवरचे केबलचे डिस्क ब्रेक जड असतात. चांगले रिम ब्रेक त्यांच्यापेक्षा वाईट नाहीत. तरी डिस्कचा आपल्याला एक मोठा फायदा होतो आणि तो ब्रेकचा नाहीच. रिमला चिमटा नसल्यामुळे फ्रेममध्ये जाड टायरला जागा राहते. जुन्या रिम ब्रेकवाल्या रोड बाईकमध्ये २५ किंवा फार तर २८ मिलिमीटरचं टायर बसतं, डिस्कवाल्यांत बऱ्याचदा ३२ आणि पुढे. पूर्वी २३ चं टायर खडखडीत फुगवून पळवणारे प्रो आता २८ आणि त्याहून जाड वापरतात. आपल्या रस्त्यांवर तर ३२ म्हणजे अर्धं सस्पेन्शन. पावसाळ्यात सायकल चालवणार असाल तर डिस्क घ्या. उन्हाळी-हिवाळी रविवारचे स्वार असाल तर हलकी रिम ब्रेकवाली बिनधास्त घ्या.

फ्रेम अॅल्युमिनियमची, पुढचा फोर्क कार्बनचा, ही या किमतीतली सगळ्यात समंजस जोडी. ‘फुल कार्बन’ असं कमी किमतीत लिहिलेलं दिसलं आणि गिअरवर ओळखीचं नाव नसेल, तर पैसे कुठे वाचवलेत ते शोधा.

मागच्या चाकाचं मात्र जरा नीट ऐका, कारण हे कुणी विचारत नाही. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबवर स्क्रूसारखं बसतं. त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग आत राहतं आणि अॅक्सलचं टोक आधाराविना लांब बाहेर येतं. खड्डा बसला की अॅक्सल वाकतो, कधी तुटतो. सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर हीच पद्धत सर्रास दिसते. १९७८ मध्ये शिमानोने फ्रीहब आणला. टिकटिक करणारी यंत्रणा हबचाच भाग झाली आणि बेअरिंग पार टोकाला गेलं. चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, वरून नुसता सरकवायचा. ज्या कंपनीचं पहिलं उत्पादन फ्रीव्हील होतं, तिनेच ते मोडीत काढलं, हे मला फार आवडतं. दुकानात सरळ विचारा, ‘फ्रीव्हील आहे की कॅसेट?’ ८० किलोच्या वर वजन असेल तर हा प्रश्न गिअरच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा. मावसभावाचं वजन ८४. चकचकीतला फ्रीव्हील होतं, राखाडीला कॅसेट.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, ‘पण दादा, ती दिसते किती भारी.’ मी म्हणालो, खरंय, वर्सिटीसुद्धा भारीच दिसायची. मग त्याने तिसरा पर्याय काढला: राखाडीच्या जातीची, तीन वर्षं जुनी, एका काकांची. किंमत चकचकीतपेक्षा कमी, म्हणजे मावशीपुढेही मुद्दा टिकणार. मी बघायला सोबत गेलो.

जुनी घेणार असाल तर पन्नास रुपयांची पट्टी खिशात ठेवा. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. १२ इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. पिन १२ च्या पुढे एक अष्टमांश इंच सरकली असेल तर चेन संपली, आणि तिने मागची कॅसेटही खाल्ली असणार. दोन्हीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. रिम ब्रेकची असेल तर रिमच्या ब्रेक घासणाऱ्या पट्टीवरून नख फिरवा, खोलगट लागली तर चाक बदलायला आलंय. फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः पायडलच्या आसपास आणि हँडलच्या नळीखाली, रंगाला केसासारखी रेघ दिसली तर कितीही स्वस्त असो, हात जोडा. सायकल उचलून मागचं चाक फिरवा, मग चाक धरून आडवं हलवा. खुळखुळ नको. शेवटी एक किलोमीटर तरी चालवा, आणि चढावर जोर लावून गिअर टाकून बघा.

काकांच्या सायकलची पिन एक अष्टमांश पुढे होती. चेन आणि कॅसेटचे पैसे कापून सौदा झाला. पट्टी काकांनी ठेवून घेतली.